खुंटी-छिद्रांचा फर्मा

खुंटी-छिद्रांचा फर्मा : कपाटातील कप्प्यांच्या फळ्या हव्या त्या उंचीवर बसविता याव्यात यासाठी कपाटाच्या दोन्ही बाजूफळ्यांच्या आतील अंगास समान अंतरावर छिद्रांच्या उभ्या रांगा पाडतात. या छिद्रांत धातूच्या, लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या आखूड खुंट्या बसवून त्यांवर कप्प्याची फळी टेकवितात. ही सर्व छिद्रे एकाच मापाने व एकाच रेषेत पडावीत म्हणून जे मार्गदर्शक साधन वापरतात, त्यास खुंटी-छिद्रांचा फर्मा म्हणतात. कारखान्यांत अशा साधनास ‘जिग’ हा शब्द रूढ आहे. या नोंदीत प्रामुख्याने सुताराने आपल्याच कार्यशाळेत बनवावयाच्या व राउटर या विद्युत् यंत्राच्या साहाय्याने वापरावयाच्या फर्म्याची माहिती दिली आहे.

पूर्वपीठिका : कोकणातील जुन्या घरांत सामान ठेवण्याची सोय मुख्यतः जांभ्याच्या भिंतीतील कोनाडे व फडताळे यांत केलेली असे. फडताळातील फळ्या भिंतीत पक्क्या बसविलेल्या असल्याने त्यांची उंची बदलता येत नसे. पुढे स्वतंत्र लाकडी कपाटे आली, तेव्हाही प्रथम बाजूफळीत खाच पाडून किंवा आडवी पट्टी खिळ्यांनी ठोकून तीवर फळी टेकविण्याची पद्धत होती. ही पद्धत बळकट असली, तरी एकदा ठरलेले कप्पे कायमचे ठरलेले राहतात. कपाटाच्या चारही कोपऱ्यांत उभ्या दातेरी पट्ट्या बसवून त्यांच्या दात्यांत आडवी पट्टी अडकविणे, ही त्यानंतरची सुधारणा होय. तीत फळीची उंची बदलता येते परंतु दातेरी पट्ट्यांमुळे कपाटातील जागा अडते, फळीचे कोपरे कापावे लागतात व दात्यांत धूळ साठते. खुंटी व छिद्र ही योजना सर्वांत सुटसुटीत असून तीत जागा वाया जात नाही.

बदलत्या उंचीच्या कप्प्यांची विशेष गरज ग्रंथालयांत भासते. सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर, वेंगुर्ल्याचे नगर वाचनालय यांसारख्या एकोणिसाव्या शतकात स्थापन झालेल्या संस्थांच्या संग्रहांत लहान आकाराच्या कादंबऱ्यांपासून मोठ्या कोशग्रंथांपर्यंत सर्व मापांची पुस्तके असतात. सु. २१ ते २२ सेंमी. उंचीच्या डेमी आकाराच्या पुस्तकासाठी लागणारा कप्पा २८ सेंमी. उंचीच्या कोशग्रंथास अपुरा पडतो आणि सर्वच कप्पे मोठे ठेवल्यास एका कपाटात दोन-तीन कप्प्यांची जागा फुकट जाते. ग्रंथालयाच्या लाकडी सामानासाठी भारतीय मानकही (भा. मा. १८२९, भाग १) उपलब्ध आहे. घरगुती कपाटे, दुकानांतील मांडण्या, दवाखान्यांतील औषधांची कपाटे यांनाही हीच गरज लागू पडते.

बत्तीस मिमी.ची पद्धती : दुसऱ्या महायुद्धानंतर यूरोपात, विशेषतः जर्मनीत, सपाट तक्त्यांपासून कपाटे तयार करण्याचा उद्योग वाढला. त्यात एकाच वेळी अनेक छिद्रे पाडणारी यंत्रे वापरात आली. अशा यंत्रांतील गिरमिटांचे दंड एकमेकांत गुंतलेल्या दंतचक्रांनी फिरतात. त्यामुळे शेजारच्या दोन दंडांमधील अंतर एका मर्यादेपेक्षा कमी करता येत नाही. या व्यवहारी मर्यादेतून ३२ मिमी. हे अंतर रूढ झाले, असे सामान्यतः सांगितले जाते. बत्तीस या संख्येचे पुनःपुन्हा निम्मे भाग पडतात (१६, ८, ४, २), हीही एक सोय आहे. या पद्धतीत छिद्राचा व्यास ५ मिमी., लगतच्या दोन छिद्रांच्या मध्यबिंदूंमधील अंतर ३२ मिमी. आणि बाजूफळीच्या पुढील कडेपासून छिद्रांच्या रांगेचे अंतर ३७ मिमी. असते. याच छिद्रांत बिजागऱ्यांच्या बैठका व खणांच्या सरकपट्ट्याही बसविता येतात. बाजारात मिळणाऱ्या खुंट्या, बिजागऱ्या व सरकपट्ट्या यांपैकी पुष्कळशा या मापांस अनुसरून बनविलेल्या असतात. त्यामुळे लहान कार्यशाळेतील सुतारानेही हीच मापे स्वीकारणे फायद्याचे ठरते. अमेरिकेत पाव इंच (६·३५ मिमी.) व्यासाच्या खुंट्याही प्रचलित आहेत. खुंट्या आधी विकत घेऊन त्यांचा व्यास मोजल्यावरच फर्म्याची मापे ठरवावीत.

छिद्रांमधील अंतर ३२ मिमी. आणि फळीची जाडी १८ मिमी. असल्यास आठ घरे सोडून बसविलेल्या दोन फळ्यांमध्ये २५६ − १८ = २३८ मिमी. मोकळी उंची मिळते. ती डेमी पुस्तकांस पुरेशी होते. दहा घरे सोडल्यास ३२० − १८ = ३०२ मिमी. उंची मिळते व तीत २८ सेंमी. उंचीचे ग्रंथ राहतात.

अचूकतेचा प्रश्न : कप्प्याची प्रत्येक फळी चार खुंट्यांवर टेकते. तीन बिंदूंतून एकच प्रतल जाते, म्हणून तीन खुंट्यांवर ठेवलेली फळी कधीच डुगडुगत नाही. चौथी खुंटी मात्र त्याच प्रतलात असावी लागते. ती एक मिमी. जरी खाली असली, तरी फळीचा तो कोपरा अधांतरी राहतो आणि फळी हलते. फळीवरील भार चार खुंट्यांवर समान वाटला न जाता त्याचा बराचसा भाग कर्णावरील दोन खुंट्यांवर येतो. काचेच्या फळीच्या बाबतीत असा असमान आधार विशेष धोक्याचा असतो.

छिद्रे हाताने आखून पाडताना दोन प्रकारच्या चुका संभवतात. पहिल्या प्रकारात प्रत्येक छिद्राची चूक स्वतंत्र असते. उदा., दर वेळी मागील छिद्रापासून ३२ मिमी. मोजून पुढची खूण केली व प्रत्येक मोजणीत ०·२ मिमी. पर्यंत मागेपुढे झाले, तर विसाव्या छिद्रापर्यंत एकोणीस वेळा मोजावे लागते. अशा स्वैर चुकांची बेरीज संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. त्यानुसार येथे ती सु. ०·९ मिमी. होते. दुसऱ्या प्रकारात चूक एकाच दिशेची असते. उदा., कंपासाचे टोक प्रत्येक वेळी ०·१ मिमी. जास्त पडत असल्यास विसावे छिद्र १·९ मिमी. वर जाते. चार रांगा स्वतंत्रपणे आखल्या, तर चारही रांगांतील चुका वेगवेगळ्या होतात व वरच्या कप्प्यांत त्या उघड दिसू लागतात.

फर्म्याचे खरे महत्त्व येथे आहे. कपाटाच्या दृष्टीने दोन छिद्रांमधील अंतर नेमके ३२ मिमी. असण्यापेक्षा चारही रांगांतील त्या क्रमांकाचे छिद्र एकाच उंचीवर असणे अधिक आवश्यक असते. फर्म्यातील एखादे छिद्र अर्धा मिमी. वर असले, तरी त्या फर्म्याने पाडलेल्या चारही रांगांत ते अर्धा मिमी. वरच येते आणि फळी समतल राहते. फर्मा चूक नाहीशी करीत नाही. तो ती चारही ठिकाणी सारखी करतो आणि त्यामुळे ती निरुपद्रवी होते. मात्र त्यासाठी चारही रांगा फर्म्याच्या एकाच टोकापासून पाडल्या गेल्या पाहिजेत. याचे विवेचन पुढे केले आहे.

प्रकार : या फर्म्याचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात पट्टीतील छिद्रांत कठीण पोलादाच्या नळ्या बसवितात व त्यांतून ड्रिलचे गिरमिट सरळ खाली उतरवितात. यास राउटर लागत नाही, परंतु हातात धरलेले ड्रिल किंचित कलल्यास नळीची आतील बाजू घासते व छिद्र तिरपे पडते. नळी न बसविता नुसत्या लाकडी छिद्रातून गिरमिट चालविल्यास फर्मा लवकरच निकामी होतो.

दुसऱ्या प्रकारात राउटर वापरतात. राउटर हे लाकडात खाचा व खोबणी पाडणारे, अतिवेगाने फिरणारे विद्युत् यंत्र होय. ज्या राउटरची बैठक स्थिर ठेवून त्याचे पाते खाली दाबता येते, त्यास ‘प्लंज’ राउटर म्हणतात. या कामासाठी तोच प्रकार आवश्यक असतो. बैठकीच्या मध्यछिद्रात एक मार्गदर्शक कडे बसवितात. कड्याचा आखूड नळीसारखा भाग बैठकीखाली डोकावतो व त्याच्या मधून पाते खाली येते. कड्याचा बाहेरील व्यास फर्म्यातील छिद्रात नेमका बसतो, त्यामुळे पात्याचा अक्ष आपोआप छिद्राच्या मध्यावर येतो. बैठक फर्म्यावर सपाट टेकलेली असल्याने छिद्र पृष्ठाशी काटकोनात पडते. शिवाय पाते फर्म्यास स्पर्श करीत नसल्याने फर्म्याची झीज फारच कमी होते. हे या प्रकाराचे दोन मोठे गुण आहेत.

रचना व मापे : नमुन्यादाखल सु. ९०० मिमी. उंचीच्या कपाटासाठी वीस छिद्रांच्या फर्म्याची मापे येथे दिली आहेत. मार्गदर्शक कड्याचा बाहेरील व्यास १० मिमी. धरला आहे. हाताशी असलेले कडे वेगळे असल्यास फर्म्यातील छिद्रांचा व्यास त्याप्रमाणे बदलावा.

फर्म्याची पाटी ९ मिमी. जाड, ८६४ मिमी. लांब व १५० मिमी. रुंद असते. पहिले छिद्र टोकापासून १२८ मिमी. अंतरावर व त्यापुढील प्रत्येक छिद्र ३२ मिमी. अंतरावर येते. विसावे छिद्र १२८ + (१९ × ३२) = ७३६ मिमी.वर येते व दुसऱ्या टोकाशी पुन्हा १२८ मिमी. शिल्लक राहतात. दोन्ही टोकांशी एवढी जागा सोडल्याने शेवटच्या छिद्रावर राउटरची बैठक असतानाही शिकंजा लावण्यास जागा मिळते. छिद्रांची रांग पाटीच्या लांब कडेपासून ३७ मिमी.वर असते. त्या कडेच्या खालच्या अंगास एक सरळ आधारपट्टी बसवितात. ही पट्टी बाजूफळीच्या कडेस टेकली, की रांगेचे ३७ मिमी. हे अंतर आपोआप साधते. आधारपट्टी सरसाने न चिकटविता दोन लाकडी डॉवेल व तीन स्क्रू यांनी बसवावी, म्हणजे ती काढून पाटीच्या दुसऱ्या अंगास लावता येते.

पाटीसाठी चांगल्या प्रतीचे प्लायवुड सर्वांत सोयीचे असते. त्यातील पातळ थरांचे तंतू एकमेकांस काटकोनात असल्याने त्याच्या लांबी-रुंदीत हवेच्या ओलाव्याने फारसा फरक पडत नाही. किनारी भागात पाण्यास टिकणारे, भा. मा. ७१० या मानकाचे सागरी प्लायवुड घेणे श्रेयस्कर होय. ॲक्रिलिक किंवा बेकेलाइटयुक्त कापडाचा तक्ताही चालतो. आधारपट्टीसाठी मुरलेला, सरळ तंतूंचा साग वापरावा.

फर्मा तयार करणे : प्रथम पाटीची एक लांब कड व एक टोक रंध्याने साफ करून गुण्याने काटकोनात आणतात. ही दोन अंगे पुढील सर्व मापांचा आधार असल्याने त्यांवर खूण करतात. खतावणी ३७ मिमी.वर लावून लांब कडेस समांतर रेघ ओढतात. त्यानंतर छिद्रांच्या खुणा करताना पोलादी मोजपट्टी एकदाच लावून टोकापासून १२८, १६०, १९२, २२४ मिमी. अशा क्रमाने ७३६ मिमी. पर्यंत सर्व खुणा करतात. मोजपट्टी दर वेळी पुढे सरकवू नये, कारण त्यामुळे वर सांगितल्याप्रमाणे चुका साचत जातात. खूण पेन्सिलीऐवजी धारदार चाकूच्या टोकाने करतात व छेदबिंदूवर अणकुचीदार पंचाने बारीक खड्डा पाडतात. या खड्ड्यात गिरमिटाचे टोक बसते.

छिद्रे शक्यतो उभ्या ड्रिलयंत्रावर पाडावीत. यंत्राच्या मेजावर पाटीच्या लांब कडेसाठी आधार लावला, की सर्व छिद्रे एका रेषेत येतात. यंत्रावर काम करताना आखणी टाळण्याचीही एक युक्ती आहे. गिरमिटाच्या अक्षापासून ३२ मिमी. अंतरावर मेजाच्या लाकडी तळात १० मिमी. व्यासाची एक पोलादी खुंटी बसवितात. पहिले छिद्र पाडल्यावर पाटी सरकवून ते छिद्र या खुंटीवर बसवितात व दुसरे छिद्र पाडतात. मग दुसरे छिद्र खुंटीवर बसवून तिसरे पाडतात. या रीतीत खुंटीचे अंतर ३२ मिमी.पेक्षा किंचित कमीजास्त असल्यास ती चूक प्रत्येक घरात सारखी येते. पाटीखाली नेहमी एक टाकाऊ फळी ठेवावी, म्हणजे खालच्या अंगास प्लायवुडचे पापुद्रे निघत नाहीत.

छिद्र कड्यापेक्षा फार सैल असू नये. कड्याचा व्यास व छिद्राचा व्यास यांत ०·१ मिमी.चा फरक असल्यास छिद्राचा मध्य जास्तीत जास्त ०·०५ मिमी. सरकतो. एवढा फरक क्षम्य आहे. अर्ध्या मिमी.चा सैलपणा मात्र फर्मा निरुपयोगी करतो. छिद्रे पाडून झाल्यावर त्यांच्या आतील अंगास पातळ लाखेचे रोगण लावून सुकवितात. त्याने तंतू घट्ट होतात व झीज कमी होते.

उजव्या-डाव्या बाजूफळ्यांचा प्रश्न : कपाटाच्या दोन बाजूफळ्या एकमेकींच्या आरशातील प्रतिमा असतात. डावी बाजूफळी आतील अंग वर व पुढील कड आपल्याकडे करून मेजावर ठेवली, तर तिचा तळ उजवीकडे येतो. उजवी बाजूफळी तशीच ठेवली असता तिचा तळ डावीकडे येतो. अशा वेळी फर्मा न उलटता नुसता तळाकडील टोक बदलून वापरण्याचा मोह होतो. फर्म्याची दोन्ही टोके समान अंतरावर असल्याने तो बसतोही. परंतु असे केल्यास एका बाजूफळीवर ज्या छिद्राने पाचवे छिद्र पाडले, त्याऐवजी दुसऱ्या बाजूफळीवर पाचवे छिद्र फर्म्याच्या सोळाव्या छिद्राने पाडले जाते. मग फर्म्यातील चुका दोन्हींकडे सारख्या राहत नाहीत आणि फर्म्याचा मूळ हेतूच नष्ट होतो.

यावर उपाय सोपा आहे. आधारभूत टोकास लाल रंग द्यावा व ते टोक प्रत्येक रांगेच्या वेळी बाजूफळीच्या तळाशीच ठेवावे. डाव्या बाजूफळीची पुढील रांग व उजव्या बाजूफळीची मागील रांग या दोन रांगांना आधारपट्टी पाटीच्या एकाच अंगास लागते. उजव्या बाजूफळीची पुढील रांग व डाव्या बाजूफळीची मागील रांग यांसाठी ती दुसऱ्या अंगास लावावी लागते. म्हणून प्रथम पहिल्या जोडीतील दोन्ही रांगा पाडून घ्याव्यात, मग आधारपट्टी काढून दुसऱ्या अंगास बसवावी व उरलेल्या दोन रांगा पाडाव्यात. एकाच वेळी अनेक कपाटे करावयाची असल्यास सर्व बाजूफळ्यांचे पहिले काम एकदम उरकता येते व आधारपट्टी एकदाच बदलावी लागते.

पडताळा : नवा फर्मा चांगल्या लाकडावर वापरण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्यावी. दोन टाकाऊ पट्ट्या घेऊन एकीवर लाल टोकापासून व दुसरीवर विरुद्ध टोकापासून छिद्रे पाडावीत. नंतर दोन्ही पट्ट्यांची आरंभीची टोके जुळवून, छिद्रांकडील अंगे समोरासमोर धरून ५ मिमी. व्यासाची सरळ सळई एकेका छिद्रातून घालून पाहावी. ती सर्वत्र सहज गेली, तर फर्मा समांग आहे. जेथे ती अडकते, तेथील छिद्र सरकलेले आहे असे समजावे. सर्व घरांत सारखी असलेली चूक या परीक्षेत दिसत नाही. त्यासाठी पहिल्या व विसाव्या छिद्रांमधील अंतर मोजून ते ६०८ मिमी. भरते का ते पाहावे. सुतारकामातील गुण्या तपासण्याची रीत याच तत्त्वावर आधारलेली आहे. गुण्या उलटा करून दुसरी रेघ ओढली, की त्याच्या कोनातील चूक दुप्पट होऊन दिसते.

वापर : बाजूफळ्या अंतिम मापास कापून, कडांवर पट्टी चिकटवून झाल्यावर परंतु कपाट जुळविण्यापूर्वी छिद्रे पाडतात. कडपट्टी नंतर लावल्यास तिच्या जाडीइतके ३७ मिमी.चे अंतर वाढते. दोन्ही बाजूफळ्यांची तळाकडील टोके काटकोनात व समान कापलेली आहेत याची खात्री करून घेतात. मेजावर एक ठोकळा पक्का खिळतात. बाजूफळीचा तळ व फर्म्याचे लाल टोक हे दोन्ही त्या ठोकळ्यास भिडवितात, आधारपट्टी कडेस दाबतात व दोन्ही टोकांना शिकंजे आवळतात.

राउटरच्या खोलीचा अडसर ठरविताना फर्म्याची जाडी मिळवावी लागते. बाजूफळी १८ मिमी. जाड व छिद्राची खोली ११ मिमी. असल्यास बैठकीपासून पात्याचे टोक ९ + ११ = २० मिमी. खाली जावे. बाजूफळीची ७ मिमी. जाडी शिल्लक राहते. पाते पुरेसे लांब आहे व त्याची मूठ कड्यास भिडत नाही, हे यंत्र बंद असताना दाबून पाहावे. कड्याचा खाली डोकावणारा भाग फर्म्याच्या जाडीपेक्षा कमी, सु. ७ मिमी. असावा. तो जास्त असल्यास बैठक फर्म्यावर टेकत नाही.

पाते टोकाशीही कापणारे, कार्बाइडचे व राउटरसाठीच बनविलेले असावे. पिळाचे पाते भुसा वर खेचून घेत असल्याने छिद्र स्वच्छ राहते. यंत्राचा वेग कमी ठेवता येत असल्यास तो मिनिटास सु. १०,००० ते १४,००० फेरे एवढा ठेवतात. यंत्र सुरू करण्यापूर्वी कडे छिद्रात बसवावे, पाते हळू टेकवावे, दोन-तीन टप्प्यांत पूर्ण खोली गाठावी व पाते वर आल्यावरच राउटर उचलावा. पाते तळाशी रेंगाळल्यास लाकूड करपते. पृष्ठावर चिकटविलेला सनमायका किंवा पातळ सागपत्रा असल्यास पहिला टप्पा विशेष सावकाश घ्यावा.

पुस्तकांच्या उंच कपाटासाठी फर्मा पुढे सरकवावा लागतो. त्यासाठी वरचा भाग १० मिमी. व खालचा भाग ५ मिमी. व्यासाचा अशी पायरीची खुंटी कातून घेतात. फर्म्याचे पहिले छिद्र बाजूफळीच्या विसाव्या छिद्रावर आणून ही खुंटी दोहोंत घालतात. असे केल्याने आणखी एकोणीस छिद्रे मिळतात व शेवटचे छिद्र तळापासून १,३४४ मिमी.वर येते. चारही रांगांत सरकविण्याची रीत एकच ठेवल्यास येथेही फळी समतल राहते. कपाटात वरपासून खालपर्यंत छिद्रे पाडण्याची मात्र गरज नसते. अपेक्षित उंचीच्या वर-खाली चार-पाच छिद्रे पुरतात व कपाटही सुबक दिसते.

भार व वाक : खुंट्यांची ताकद सहसा अपुरी पडत नाही. पुस्तकांचा भार फळीच्या लांबीच्या दर मीटरला ३० किग्रॅ. धरला, तर ८०० मिमी. लांबीच्या फळीवर २४ किग्रॅ. भार येतो व प्रत्येक खुंटीच्या वाट्यास ६ किग्रॅ. येतात. खरी अडचण फळीच्या वाकण्याची असते. समान पसरलेल्या भाराखाली फळीचा वाक लांबीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. १८ मिमी. जाड व ३०० मिमी. रुंद प्लायवुडची फळी ८०० मिमी. लांबीस वरील भाराखाली मध्यावर सु. १·४ मिमी. वाकते, तर १,००० मिमी. लांबीस हाच वाक सु. ३·५ मिमी. होतो. भार दीर्घकाळ राहिल्यास तो आणखी वाढतो. पार्टिकल बोर्डाची फळी याच्या दुपटीहून अधिक वाकते. म्हणून पुस्तकांच्या कपाटाची रुंदी ८०० मिमी.पेक्षा जास्त ठेवू नये किंवा मध्ये एक उभी फळी द्यावी. फळीच्या पुढील कडेखाली ४० मिमी. उंचीची सागाची पट्टी चिकटविल्यासही वाक पुष्कळ कमी होतो.

किनारी भागातील विशेष : मालवण-कसाल रस्त्यावरील कट्टा यासारख्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील बाजारपेठेच्या गावांतून लहान कार्यशाळा चालविणाऱ्या सुतारांना साग, फणस, ऐन, किंजळ, शिवण ही लाकडे परिचित आहेत आणि प्लायवुडही आता सर्वत्र मिळते. या भागात पावसाळ्यात हवेची सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांच्या वर राहते व कोरड्या महिन्यांत ती बरीच उतरते. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असता लाकडातील ओलावा सु. ११ ते १२ टक्क्यांवर स्थिरावतो. ती ८५ टक्के झाल्यास तो १७ ते १८ टक्क्यांवर जातो. ओल्या अवस्थेपासून पूर्ण सुकेपर्यंत सागाचे आकुंचन वाढवलयांच्या स्पर्शरेषेच्या दिशेने सु. ५·८ टक्के व त्रिज्येच्या दिशेने सु. २·५ टक्के असते. यावरून पावसाळ्यात ३०० मिमी. रुंदीची आडव्या काटाची सागफळी रुंदीत सुमारे साडेतीन मिमी. फुगू शकते. तंतूंच्या दिशेने, म्हणजे लांबीत मात्र लाकडाचे मान जवळजवळ बदलत नाही.

यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा, की उभ्या तंतूंच्या बाजूफळीवर छिद्रांच्या उंचीत ऋतुमानाने फरक पडत नाही, म्हणून एकदा समतल बसलेली फळी बारा महिने समतल राहते. दुसरा असा, की खुंट्यांवर नुसती टेकलेली फळी रुंदीत मोकळेपणाने फुगू व आटू शकते. खिळ्यांनी जखडलेली फळी तशी हालचाल करू न शकल्याने तडकते. या दृष्टीने खुंटीची योजना कोकणातील हवेस विशेष अनुकूल आहे. मात्र कपाटाचे मागील अंग व फळी यांमध्ये ४ ते ५ मिमी. फट ठेवणे आवश्यक असते. फर्मा भरीव लाकडाऐवजी प्लायवुडचा करण्याचे कारणही हेच आहे.

किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत साध्या लोखंडी खुंट्या गंजून छिद्रात घट्ट बसतात व उपसताना छिद्राची कड फुटते. त्याऐवजी पितळी किंवा स्टेनलेस पोलादाच्या खुंट्या वापराव्यात. सावंतवाडीच्या चितार आळीतील लाखकाम केलेल्या लाकडी वस्तू प्रसिद्ध आहेत. कातकामाची ही परंपरा ज्या भागात आहे, तेथे कठीण लाकडाच्या कातलेल्या खुंट्याही करून घेता येतात. लाकडी खुंटीचा व्यास निदान ८ मिमी. ठेवावा व पाते त्यानुसार घ्यावे. रोगण छिद्रात शिरून ते अरुंद झाल्यास ५ मिमी.चे गिरमिट हाताने फिरवून छिद्र साफ करतात.

सुरक्षितता व निगा : ड्रिलचे सामान्य गिरमिट राउटरमध्ये कधीही बसवू नये. ते राउटरच्या वेगासाठी बनविलेले नसते व वाकून किंवा तुटून गंभीर इजा करू शकते. पाते बदलताना यंत्राची विजेची जोडणी काढावी. डोळ्यांवर चष्मा व कानांस संरक्षण असावे. लाकडाची बारीक धूळ केवळ त्रासदायक नसून अपायकारक आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये तिचा समावेश मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या कारकांत केला. सागाच्या धुळीने काहींना त्वचेचे विकारही होतात. नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधावी व शक्य तेथे धूळ शोषणारे यंत्र जोडावे. बंद खोलीपेक्षा पडवीत काम करणे चांगले, तथापि त्यानेही मुखपट्टीची गरज संपत नाही.

फर्मा सपाट टांगून किंवा सपाट पृष्ठावर ठेवावा. भिंतीस तिरपा टेकवून ठेवल्यास तो बाकतो. त्यावर कड्याचा व्यास, पात्याचा व्यास, खोलीचे माप व पहिल्या छिद्राचे अंतर ही चार माने कायमच्या शाईने लिहून ठेवावीत, म्हणजे कार्यशाळेतील शिकाऊ मुलासही तो बिनचूक वापरता येतो. छिद्रांत भुसा साठल्यास कडे पूर्ण बसत नाही, म्हणून प्रत्येक रांगेनंतर फर्मा ब्रशने झाडावा. एखादे छिद्र झिजल्यास ते लाकडी डॉवेलने बुजवून पुन्हा पाडता येते. परंतु तीन-चार छिद्रे झिजल्यास जुन्या फर्म्यावरून नवा पाडण्याऐवजी मूळ मापांवरून नवा फर्मा करावा, कारण नकलेत मूळची झीजही उतरते.

उपयुक्तता व मर्यादा : कारखान्यातील बहुछिद्री यंत्राने एका दाबात पूर्ण रांग पडते, तर फर्म्याने एकेक छिद्र पाडावे लागते. मोठ्या संख्येने एकसारखी कपाटे करावयाची असल्यास फर्मा मागे पडतो. तथापि गिऱ्हाइकाच्या घरातील जागेनुसार दर वेळी वेगळ्या मापाचे कपाट करणाऱ्या सुतारास महागडे यंत्र परवडत नाही व त्याची गरजही नसते. प्लायवुडचा एक तुकडा, सागाची एक पट्टी व अर्ध्या दिवसाचे काम एवढ्या भांडवलावर तो तयार कपाटांच्या तोडीची अचूकता साधू शकतो. शिवाय बिजागऱ्या व सरकपट्ट्या यांची मापेही याच छिद्रांशी जुळत असल्याने एकच फर्मा कपाटाच्या अनेक भागांस उपयोगी पडतो.